फोटोतली बंदूक कोणती, ते नीट लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर जंगलातून जप्त केलेल्या हत्यारांचा फोटो आला होता. हिरव्या ताडपत्रीवर सहा बंदुका मांडलेल्या आणि खाली ओळ : ‘जप्त करण्यात आलेल्या एके-४७ रायफली’. मी चष्मा पुसून फोटो पाहिला, मग पेपर अंगणात उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. सहापैकी चार भरमार होत्या. पाचवी एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, तिची लांब नळी लपत नाही. सहावीचा दस्ता तुटलेला होता, पण बोल्टची मूठ स्पष्ट दिसत होती. ती थ्री नॉट थ्री, जुनी पोलिसी रायफल. एके त्यात एकही नव्हती.

मी पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली चौदा वर्षं गडचिरोली जिल्ह्यात काढली, त्यातली बरीचशी एटापल्ली तालुक्यात. आता गावी धानाची शेती करतो. फोटोबद्दल चावडीवर बोललो तर लोक म्हणाले, बंदूक ती बंदूक, तुम्हाला काय करायचं आहे? पण मला ही चूक लहान वाटत नाही, म्हणून हे पत्र.

भरमार म्हणजे काय ते आपल्या शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. नळीच्या तोंडातून बारूद घालायची, चिंधी घालायची, छर्रे घालायचे, गजानं ठासायचं. एक बार झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. जंगलातल्या गावांत रानडुकराच्या मागं जाणाऱ्यांच्या घरी ती पिढ्यान् पिढ्या असते. विनापरवाना असेल तर गुन्हाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भरमार बाळगणारा माणूस आणि एके घेऊन फिरणारा दलम कमांडर, म्हणजे नक्षल्यांच्या तुकडीचा म्होरक्या, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. फोटोखालच्या एका ओळीनं आपण ते अंतर पुसून टाकलंत. ती ओळ वाचून त्या गावाकडे आता सगळे कोणत्या नजरेनं पाहतील?

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत नक्षल्यांचा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर हत्यारं खाली ठेवली. मी त्या दिवशी टीव्हीसमोरून उठलो नाही. त्या हत्यारांत खरोखरच्या एके होत्या, इन्सास या भारतीय बनावटीच्या रायफलीही होत्या. अशा बातम्या आता वरचेवर येतील, फोटोही येतील. म्हणून आताच लिहितो आहे.

१९८४ साली भरती झालो तेव्हा माझ्या हातात थ्री नॉट थ्री दिली गेली. पश्चिम बंगालात ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, मूळ इंग्रजांच्या काळातली. दहा राऊंडची मॅगझीन, पण दर गोळीमागं बोल्ट उचलायचा, मागं ओढायचा, पुढे ढकलायचा, दाबायचा. १९६२ च्या युद्धात हीच रायफल घेऊन आपले जवान बर्फात उभे होते आणि समोर चिन्यांकडे स्वयंचलित हत्यारं होती. त्या पराभवानंतर सैन्यात एसएलआर आली, आणि आम्हा पोलिसांपर्यंत ती पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. एसएलआर भरवशाची, लांबवर नेम धरणारी. पण बांबूच्या रांजीतून वाकून जाताना तिची नळी पावलोपावली अडकायची. जंगलात पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही, तिथं लांबचा नेम काय कामाचा? म्हणून एके हातात आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे मान्य करतो. आखूड, तीस राऊंडची, आणि नाला ओलांडताना पाण्यात बुडाली तरी चालणारी.

तिच्याबद्दल प्रशिक्षणात आम्हाला एका ओळीत सांगून टाकलं होतं : रशियन, ७.६२, तीस राऊंड. पुढचं मी मिळेल तिथून वाचत गेलो. ‘अवतोमात कलाश्निकोवा’, म्हणजे कलाश्निकोव्हची स्वयंचलित बंदूक, ही ‘एके’ची फोड, आणि ४७ म्हणजे १९४७ साल. मिखाईल कलाश्निकोव्ह हा शेतकऱ्याचा पोरगा. १९१९ मध्ये अल्ताई भागातल्या कुर्या गावात जन्मला. १९३० मध्ये स्टालिनच्या राजवटीनं त्याच्या घरच्यांना ‘कुलक’ ठरवलं, म्हणजे सधन शेतकरी, म्हणजे गुन्हेगार. घरदार गेलं, सगळं कुटुंब सायबेरियात पाठवलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात बाप गेला. शेत गमावलेलं घर कसं दिसतं हे विदर्भात मी कोणाला सांगायला नको. हाच पोरगा पुढे रणगाड्यावर सार्जंट झाला. १९४१ च्या ऑक्टोबरात ब्र्यान्स्कजवळ जखमी झाला आणि दवाखान्याच्या खाटेवर, जर्मनांच्या हत्यारांपुढे आपलं काही चालत नाही ही शेजारच्या जवानांची तक्रार ऐकत, कागदावर बंदुकीची चित्रं काढत बसला. १९४९ मध्ये त्याची बंदूक सोव्हिएत सैन्यानं स्वीकारली.

ती चालते कशी, तेही सांगतो. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा वायू नळीवरच्या भोकातून वर येतो आणि दट्ट्याला मागं रेटतो. बोल्ट फिरून उघडतो, रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते, नवा राऊंड आत. मिनिटाला सुमारे सहाशे गोळ्यांचा तिचा वेग. भाग मोजके, आणि त्यांच्यात मुद्दाम ठेवलेली सैल जागा, त्यामुळे चिखल-रेतीनं ती सहसा अडत नाही. आम्ही रात्री कंदिलाच्या उजेडात झाकण काढून, स्प्रिंग आणि बोल्ट बाहेर घेऊन, पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंधी लावून ती नळीतून ओढायचो. नवखा पोरगासुद्धा चार दिवसांत डोळे मिटून जोडायला शिकायचा. हेच तिचं बळ आणि हीच तिची भीती. जिला शिकायला शाळा लागत नाही, ती बारा-चौदा वर्षांच्या पोराच्या हातातही देता येते, आणि जगात दिली गेली आहे.

सोव्हिएत संघानं तिचे आराखडे मित्रदेशांना दिले. चीननं १९५६ मध्ये आपली नक्कल काढली, तिला आपण ‘एके-५६’ म्हणतो. अफगाणिस्तानच्या युद्धात १९७९ नंतर या बंदुका पाकिस्तानमार्गे इतक्या गेल्या की त्या देशात ‘कलाश्निकोव्ह कल्चर’ असा शब्दच रूढ झाला. तिथून पंजाब, काश्मीर. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या मालात एके-५६ निघाल्या आणि एकेचं नाव आमच्या खेड्यातल्या पानटपरीवरही पोचलं. आज या घराण्यातल्या बंदुकांचा जगातला अंदाज दहा कोटींच्या घरात आहे. मोझांबिक देशाच्या झेंड्यावर तर ती आहेच, तिच्यासोबत पुस्तक आणि कुदळ. आपल्याकडेही उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला तिचीच पुढची पिढी, एके-२०३, सैन्यासाठी बनते. करार सहा लाखांहून अधिक रायफलींचा आहे.

आणि ज्यानं ती बनवली त्याला काय वाटत होतं? २००२ मध्ये तो म्हणाला होता की शेतकऱ्याच्या कामी येईल असं एखादं यंत्र बनवलं असतं तर जास्त आवडलं असतं. २०१३ मध्ये, मरणाच्या वर्षी, त्यानं रशियाच्या धर्मगुरूंना पत्र लिहून विचारलं की माझ्या बंदुकीनं माणसं मेली, त्यांच्या मृत्यूचा दोष माझ्यावर येतो का. त्र्याण्णव वर्षांचा माणूस हा प्रश्न विचारत होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिची सेफ्टी उजव्या बाजूला असते, पत्र्याची लांब पट्टी. वर असली की बंद, मधे आणली की सलग, खाली नेली की एकेक गोळी. ती खाली ओढताना ‘खट्’ असा आवाज होतो, आणि रात्रीच्या जंगलात तो आवाज फार दूर जातो. म्हणून आम्ही अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पट्टी धरून, श्वास रोखून, तसूतसूनं उतरवायचो. एकदा पावसाळ्यात नाल्याकाठी दबा धरून बसलो होतो. पलीकडे काहीतरी हललं. माझी पट्टी अर्ध्यावर होती. पलीकडून एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन निघाली, टोपलीत सात्या. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी ही अळंबी वेचायला ती पहाटेच्या आधी निघाली होती. पट्टी वर नेताना माझी बोटं इतकी थरथरत होती की आवाज झालाच. ती थांबली, आमच्या दिशेनं पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. त्या खट्‌चा आवाज मला अजून ऐकू येतो. एके म्हटलं की माझ्या मनात हे येतं. पेपरमध्ये वाचून गावातल्या पोरांच्या मनात दुसरंच येतं.

आता जे मला खरोखर सलतं ते. माझ्यासोबत भरती झालेला एक जण चकमकीत गेला. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. त्याच्या हातात त्या दिवशी एसएलआर होती. शस्त्रागारातून निघताना आम्ही शेजारी शेजारी सही केली होती. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात मथळा आला, नक्षल्यांनी दोन एके-४७ पळवल्या. बंदुकीचं नाव ठळक अक्षरात, आणि खाली बातमीत त्याचं आडनाव चुकलेलं. त्याच्या बायकोनं ते कात्रण पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवलं आहे, कारण त्याच्याबद्दल छापून आलेलं तिच्याकडे तेवढंच आहे. मी गेलो की ती काढून दाखवते, आणि चुकलेल्या आडनावावर दर वेळी बोट ठेवते.

यंदा दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. नातवाला घेऊन गेलो. तो सहावीत आहे. खेळण्यांच्या दुकानात त्यानं बाकी काही पाहिलं नाही, काळ्या प्लॅस्टिकची बंदूक उचलली आणि म्हणाला, “आजोबा, एके फोर्टी सेव्हन.” मॅगझीन वाकडी का असते हे त्यानं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की पुंजणं, म्हणजे धानाची गंजी, रचताना पेंड्यांचे बुड एकाच बाजूला ठेवत गेलं तर थर कसा वाकतो, तसं, काडतूसही पुढे निमुळतं असतं. हे त्याला लगेच कळलं. मग मी विचारलं, तुकाराम ओंबळे कोण? त्याला माहीत नव्हतं. सोबतच्या चार पोरांनाही नव्हतं.

ओंबळे साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात लाठी होती. समोर कसाबच्या हातात एके. त्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आमच्याच खात्यातले जवान जुन्या थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते, मी भरतीच्या वेळी हातात घेतली होती तीच रायफल. दर गोळीमागं बोल्ट ओढत एकेसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यानं तो बोल्ट ओढला आहे त्यालाच कळेल. बंदुकांची नावं नीट लिहिली नाहीत तर हे कोणाला कळणार? सगळ्यांच्याच हातात ‘एके-४७’ लिहिली तर त्या जवानांचं धैर्य दिसणारच नाही.

मंडईच्या रात्री नाटक होतं. खलनायक लाकडी एके घेऊन आला आणि मंडपात शिट्ट्या पडल्या. नाटकवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही, मी झाडीपट्टीची नाटकं पाहतच वाढलो. पण ते नाटक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेपरात छापलेलं मात्र लोक खरं मानतात, माझ्यासारखे तर कापून ठेवतात.

मॉस्कोत २०१७ मध्ये कलाश्निकोव्हचा पुतळा उभारला, तेव्हा त्याच्या चौथऱ्यावर चुकून एका जर्मन बंदुकीचा आराखडा कोरला गेला होता. कोणीतरी जाणकारानं ते ओळखलं आणि काही दिवसांत तो भाग कापून काढला. धातूत कोरलेलं त्यांनी दुरुस्त केलं. आपल्याला तर दोन ओळींची दुरुस्ती छापायची आहे. ती छापावी, ही माझी पहिली विनंती.

दुसरी अशी की हत्यारांचा फोटो छापण्याआधी तो एखाद्या निवृत्त पोलिसाला किंवा माजी सैनिकाला दाखवून घ्यावा. आमच्या तालुक्यात असे निदान वीस-पंचवीस जण सापडतील. आपल्या तालुका प्रतिनिधीकडे माझा फोन नंबर आहे. धान कापणी आता आटोपत आली आहे, रात्री दहापर्यंत कधीही फोटो पाठवावा, पाच मिनिटांत सांगतो. आणि जवान गेल्याची बातमी असेल तर त्याचं आडनाव त्याच्या घरी विचारून मगच छापावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पोलीस हवालदार
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर
(कृपया नाव छापू नये.)