पट्टा आवळून भागलं नाही, आप्पा

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्या छोट्या ट्रॅक्टरला मी नवे ब्रेक बसवले, त्यावर परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ब्रेक धरत नाही ना? मग पट्टा आवळ आणि मोकळी हो. एवढा खटाटोप कशाला?" आवाज तुटत होता, आणि आकृती काढल्याशिवाय तुम्हाला पटलंही नसतं, म्हणून हे पत्र. आकृती मागच्या पानावर आहे, ती आधी बघा. आईला वाचून दाखवायचं असेल तर इथेच थांबा आणि मी मजेत आहे एवढं सांगा.

ट्रॅक्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसा हा नाही. बागेतला, एका सिलिंडरचा, 12 हॉर्सपॉवरचा, वजनाला साडेतीनशे किलो. वयाने माझ्याहून मोठा. त्याला ब्रेक म्हणून एकच वस्तू होती: गिअरबॉक्समधून डावीकडे बाहेर आलेल्या शाफ्टवर वाटीएवढा ड्रम आणि त्याभोवती आतून लायनर (घासून धरणारं अस्तर) लावलेला पोलादी पट्टा. पुढच्या चाकांना काहीच नाही. पेडलही एकच. ते दाबलं की आधी इंजिनचा बेल्ट सैल होतो, मग पट्टा आवळतो. उतारावर घाबरून अर्धवट पाय दिला की इंजिनची अडवणूक गेलेली असते आणि ब्रेक अजून आलेला नसतो. ती मधली दोन बोटं फार वाईट.

झालं असं, की ओल्या मातीने भरलेली ट्रॉली घेऊन चढ चढताना इंजिन बंद पडलं. पेडल दाबलं, तरी ट्रॅक्टर मागे सरकायला लागला. मी सीटवरून उठून सगळं वजन पायावर टाकलं, तरी सरकतोच आहे. शेवटी ट्रॉली आडवी झाली आणि तिनेच अडवलं. हाच ब्रेक पुढे जाताना मात्र बरा लागायचा, म्हणून मला आधी कधी शंकाच आली नव्हती.

कारण पट्ट्याच्या स्वभावात आहे. खांबाला दोराचा वेढा दिला की एका टोकाला थोड्या जोराने धरून दुसऱ्या टोकाचं मोठं ओझं पेलता येतं, तसंच हे. ड्रम पुढच्या दिशेने फिरताना घर्षणाने पट्ट्याला स्वतःच आत ओढून घेतो. पट्टा ड्रमला पाऊण वेढा घालत असेल आणि घर्षणाचा गुणांक 0.3 धरला, तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या चौपट होतो. पाय ओढतो सैल बाजू, बाकीचं काम ड्रमच करतो. ड्रम उलटा फिरला की तोच पट्ट्याला ढिला करायला बघतो, आणि तेवढ्याच पायाला चौथा हिस्सा ब्रेक मिळतो. माझ्या ड्रमवर त्यातून ऑइल सील गळत होतं. तेलाने गुणांक 0.1 वर आला, तर पुढच्या दिशेचा ब्रेकसुद्धा पाचवा हिस्साच उरतो.

तुमचं ऐकलं नाही असं समजू नका. आधी पट्टाच केला. सील बदललं, नवीन लायनर रिव्हेट मारून बसवलं, आवळलं. (जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवली नाही. पाण्याने भिजवून पुसली आणि फडकी पिशवीत बांधली. तुम्ही आयुष्यभर फुंकर मारून ड्रम साफ केलेत, ते आता तरी बंद करा.) पुढे जाताना चाकं जागच्या जागी थांबायला लागली, मागेही बऱ्यापैकी धरायला लागलं. पंधरा दिवस मी तुमच्या बाजूने होते.

मग एका सकाळी दव पडलेल्या गवतावरून तिरकी उतरत होते. ब्रेक दाबला, ट्रॅक्टर थांबला नाही. खाली बघितलं तर डावं चाक पुढे फिरतंय आणि उजवं चक्क मागे! पट्ट्याने ड्रम घट्ट धरला होता, त्यात काही खोट नव्हती. पण ड्रम डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या, अलीकडे आहे. शाफ्ट अडवला तरी दोन्ही चाकं एकमेकांच्या उलट फिरायला मोकळी राहतात, म्हणून ज्या चाकाची पकड कमी, तेवढाच ब्रेक दुसऱ्यालाही. इथे पट्टा कितीही आवळला तरी फरक पडत नाही. ब्रेक डिफरन्शियलच्या पलीकडे, एकेका चाकाला हवा.

म्हणून दोन्ही मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) 200 मिलिमीटरची डिस्क, प्रत्येकीला तेलाच्या दाबाने पॅड आवळणारा एक छोटा हायड्रॉलिक कॅलिपर, आणि उजव्या पायाला वेगळं पेडल. सांगायला सोपं. हब काढण्यातच तीन दिवस गेले. हब आणि शाफ्टला जोडणारी लोखंडी चावी गंजून शाफ्टशी एकजीव झाली होती. रोज संध्याकाळी गंजाचं तेल सोडायचं, सकाळी पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लावून ताण द्यायचा आणि तसाच ठेवायचा. तिसऱ्या दिवशी हब तापवला, पुलर पाव आटा आवळला आणि दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल असा टणकन आवाज आला. मला वाटलं हबच फुटला. सुटला होता.

पेडलच्या जोराने तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरात मी शेण खाल्लं. मोठा तो चांगला म्हणून 22 मिलिमीटर बोअरचा आणला. पेडल दगडासारखं, आणि ब्रेक नाही. मग वही काढली. पायाचा जोर 20 किलो, पेडलची पट 5, म्हणजे दट्ट्यावर 100 किलो. 16 मिलिमीटरच्या बोअरचं क्षेत्रफळ 2 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला 50 किलो. कॅलिपरचा पिस्टन 32 मिलिमीटरचा, 8 चौरस सेंटिमीटर, म्हणजे पॅडवर 400 किलो. 22 च्या बोअरने याच्या निम्म्याहून थोडंच जास्त मिळत होतं. लहान बोअरला पेडल जास्त खाली जातं, पण तो सौदा मला चालतो. माझ्यासह 420 किलो 15 अंशांच्या उतारावर धरायला मी मोजलं तर पॅडवर पावणेतीनशे-तीनशे किलो लागतात. त्याहून तीव्र उतारावर मी जातच नाही.

तरी पेडल स्पंजसारखंच, म्हणजे तेलात हवा अडकलेली. दोनदा हवा काढली, बाटलीभर ब्रेक ऑइल संपवलं, काही केल्या जाईना. मग टॉर्च घेऊन खाली झोपले. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे बसवला होता, आणि हवा काढायचा निपल तळाशी आला होता. हवा वर, भोक खाली! तुम्ही असतात तर एका नजरेत दिसलं असतं, आणि तसं बोलून दाखवलंही असतं. अदलाबदल केली, दहा मिनिटांत पेडल घट्ट. त्या भानगडीत सांडलेल्या ऑइलने चेसिसवरचा रंग मात्र सोलून निघाला.

नवीन ब्रेकलाही एक खोड आहे. ट्रॅक्टर मागे सरकत असताना जोरात दाबला तर तोंड वर उचलतं. रिकाम्या ट्रॅक्टरवर, हलक्या चढावर मुद्दाम करून बघितलं. पुढची चाकं वीतभर उचलली गेली. आता पुढे वजनं लावली आहेत, आणि मागे जाताना पाय दाबत दाबत देते. पट्ट्याच्या काळात हा धोकाच नव्हता, कारण तेवढा ब्रेकच नव्हता.

पट्टा काढलेला नाही, आप्पा. उभ्या गाडीला हायड्रॉलिकच्या भरवशावर सोडता येत नाही, दाब हळूहळू उतरू शकतो. जुनं पेडल कडीत अडकवलं की पट्टा हँडब्रेक होतो. गिअरमध्ये टाकून ठेव म्हणाल, पण तेच पेडल बेल्टही सैल करतं, त्यामुळे इंजिन काही धरत नाही. म्हणून उतारावर थांबवायचाच झाला तर तोंड उताराकडे करते. घसरायला गेला तर ड्रम पुढे फिरतो आणि पट्टा आपोआप घट्ट बसतो. शिवाय पुढच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा आहेच.

आकृतीत बाण उलटा वाटला तर फोन करा, मी डावीकडून बघून काढली आहे.

तुमची,
धाकटी