फलकावरचा कागद म्हणजे उपविधी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की कोथरूड-कर्वेनगर भागातल्या सोसायट्यांच्या फलकांवर नवे कागद चिकटू लागतात. ‘बॅचलर भाडेकरू चालणार नाहीत’, ‘रात्री नऊनंतर पाहुण्यांना बंदी’, ‘शिफ्टिंगचे पाच हजार भरावेत’. खाली सचिवांची सही आणि गोल शिक्का. शिक्का दिसला की माणूस गप्प बसतो.

समितीने ठरवले म्हणून उपविधी, म्हणजे सोसायटीची नोंदलेली नियमावली, बदलत नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेत हजर सभासदांपैकी दोन तृतीयांशांची मते लागतात. पुढे ती दुरुस्ती सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदवावी लागते. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे तोवर ती लागूच होत नाही. शासनाने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींत तर फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे आणि लिव्ह अँड लायसन्स करार व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढेच. तरीही एनओसीसाठी (ना हरकत पत्रासाठी) मालकाचे हेलपाटे सुरूच असतात.

सगळ्यात जास्त घोळ नॉन-ऑक्युपन्सी चार्जचा, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते त्या शुल्काचा. 2001 च्या शासन आदेशाने त्याला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. पण आकारणी होते ती अख्ख्या बिलावर! समजा, महिन्याचे बिल 3,200 रुपये. त्यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड वजा जाता सेवाशुल्क उरले 1,500. मग चार्ज 150 रुपये, 320 नव्हे. बिलात सेवाशुल्काचा रकाना वेगळा नसेल, तर ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

रात्री दहानंतर स्पीकर बंद, ही अट मात्र रास्त आहे. तो देशाचाच कायदा आहे, आणि तो मालकांच्या पार्ट्यांनाही लागू आहे. घरात कोण जेवायला आले, हा समितीचा विषय कसा होतो?

अडचण अशी की भाडेकरू सभासद नसतो, त्यामुळे सभेत त्याला मत नाही. आणि मालक बाहेरगावी, त्याला शेजाऱ्यांशी वाकडेपण नको असते. भांडायचे तर मालकानेच, तेही लेखी. सभेच्या ठरावाची तारीख आणि दुरुस्ती नोंदवल्याच्या आदेशाची प्रत, या दोनच गोष्टी अर्जात मागाव्यात. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर उपनिबंधकांकडे तीच प्रत जोडता येते. तोंडी विचारले की ‘मीटिंगमध्ये ठरलंय’ एवढेच ऐकायला मिळते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे