कूप्समधली पोरं आणि आपले हुद्दार

संपादक साहेब, नमस्कार.

मी मूळचा लालबागचा, वडील गिरणीत होते. सध्या मुलीकडे न्यूयॉर्कला आलोय, ब्रॉंक्समध्ये. सकाळी फिरायला जातो तिथे अॅलर्टन अॅव्हेन्यूजवळ विटांच्या जुन्या बिल्डिंगा आहेत, त्यातल्या एका दारावर दगडात विळा-हातोडा कोरलेला दिसला आणि पाय थांबलेच, म्हटलं अमेरिकेत हे कुठून आलं!

मग शोधत बसलो. ही युनायटेड वर्कर्स को-ऑपरेटिव्ह कॉलनी, लोक नुसतं कूप्स म्हणतात. 1926 ते 1929 च्या दरम्यान कपडे शिवणाऱ्या ज्यू कामगारांनी स्वतः पैसे जमवून बांधली, सातशेच्या वर घरं, तळघरात लायब्ररी, पोरांसाठी यिडिश (म्हणजे ह्या ज्यू लोकांची भाषा) शाळा, आणि मंदीत भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढायचं नाही हे ठरलेलं. त्याच काळात, 1928 ला, आमच्या गिरणगावात सहा महिने संप चालला होता. वडिलांच्या तोंडून त्या संपाच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो, त्यामुळे ही माणसं मला परकी वाटलीच नाहीत.

1936 ला स्पेनमध्ये जनरल फ्रँकोने तिथल्या निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं आणि ह्याच अंगणात खेळून मोठी झालेली काही पोरं त्या सरकारच्या बाजूने तिकडे लढायला गेली. पासपोर्टवर स्पेनसाठी चालणार नाही असा शिक्का, म्हणून आधी फ्रान्सला उतरायचं आणि तिथून रात्रीच्या अंधारात पायी सरहद्दीवरचा पिरेनीज डोंगर ओलांडायचा, पायात दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे. बंदूक धड हातात धरायला शिकली नाहीत तोवर 27 फेब्रुवारी 1937 ला माद्रिदजवळच्या हारामाच्या टेकडीवर त्यांना पुढे ढकललं आणि एका दिवसात शंभरावर अमेरिकन पोरं मेली. अमेरिकेतून एकूण साधारण 2800 गेले, त्यातले सातशेहून जास्त परत आलेच नाहीत. कित्येकांची तर कबर कुठे आहे हेही घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दारासमोर उभं राहिलं की मला आधी आठवते पोस्टमनची वाट बघणारी आई.

ह्याच युद्धात आपले नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार पण होते, एकेकाळचे संघाचे सरकार्यवाह, तिथे जॉन स्मिथ नाव घेऊन लढले. ते ज्या ब्रिटिश बटालियनमध्ये होते तिला नावच सकलातवालांचं, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटात कम्युनिस्ट खासदार झालेल्या आपल्या मुंबईच्या पारशी माणसाचं. 1938 च्या एप्रिलमध्ये गांदेसाजवळ हुद्दार पकडले गेले आणि सान पेद्रोच्या जुन्या मठात कैदेत पडले, तिथे अमेरिकन कैदी पण होते. हुद्दार सुटून घरी आले. कूप्सच्या किती आयांच्या नशिबी ते नव्हतं.

कॉलनीही पुढे कामगारांच्या हातात राहिली नाही. 1943 ला खोलीमागे एक डॉलर भाडं वाढवायला सभासद तयार झाले नाहीत आणि सगळी मालकी खासगी माणसाकडे गेली. ते वाचून जीव तुटला माझा, युद्धात पोरं गेली आणि वर हेही गेलं.

विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत एक पान ह्या विषयाला द्या, हुद्दारांबद्दल नीट आणि सविस्तर छापा, आणि त्याच पानावर ह्या पोरांनाही जागा द्या. दाराचा फोटो मी काढून ठेवलाय, सांगाल तेव्हा पाठवतो.

आपला,
लालबागचा एक जुना वाचक, सध्या मुक्काम ब्रॉंक्स