बाबांच्या गोळ्यांच्या डब्याबद्दल

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवर बोलायला गेले की बाबा "बरं, बरं" म्हणत फोन तुझ्या हातात देतात, आणि तू म्हणतेस, "जाऊ दे गं, आता बरे आहेत ना." म्हणून लिहायला बसले.

आधी सांगायचं ते सांगून टाकते. बाबा, डब्यातल्या ग्लिमेपिराइडच्या, म्हणजे तुमच्या मधुमेहाच्या आधीच्या गोळीच्या, जुन्या स्ट्रिप मी निघताना घेऊन आलेय. शोधत बसू नका, आणि आईवर तर मुळीच चिडू नका, तिला मी सांगितलंच नव्हतं. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "राहू दे, मी नाही घेत." आणि तुम्ही खरंच घेतल्या नसत्या, एखाद्या दिवशी साखर जास्त दिसेपर्यंत. तुमचा हिशेबी स्वभाव मला माहीत आहे. भरलेली स्ट्रिप वाया घालवणं तुम्हाला जमत नाही.

पण झालं काय होतं ते एकदा नीट बघा. नवीन गोळी एकच दिसत होती, पण तिच्यात साखरेची दोन औषधं होती, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, आणि तुम्ही तिच्यासोबत जुनीही घेत राहिलात. जुनी छोटी गोळी म्हणजे तेच ग्लिमेपिराइड, दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही स्ट्रिप मी खिडकीत शेजारी शेजारी धरून पाहिल्या. पुढे मोठ्या अक्षरात दोन वेगळी नावं, रंगही वेगळे. मागे चंदेरी कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात तेच एक नाव. चष्मा लावूनही तुम्हाला ते दिसलं नसतं, मला मोबाइलवर फोटो मोठा करून वाचावं लागलं. तेव्हा "माझ्याच डोक्यातून गेलं" हे आता पुरे.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट बघत नाही. त्यात दुप्पट गोळी आणि रात्रीचं जेवण अर्धवट. आई, तू पहाटे उठलीस तेव्हा त्यांचा बनियन पिळून काढावा इतका भिजला होता आणि अंधारात ते तुला "दिवा बंद कर" म्हणत होते. मीटरवर 52 आलं. तू साखरेचं पाणी दिलंस म्हणून निभावलं. मी इतक्या लांब बसून नुसता फोन धरून होते, त्या सकाळचं मला अजून काही सुचत नाही.

म्हणून मी डॉक्टरांशी बोलले, आणि त्यांनी ग्लिमेपिराइड पूर्ण बंद केलं. आता सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी आहे. बाबा, तुमची तक्रार आईकडून कळली: "आधीच्या गोळीनं साखर झपकन उतरायची, हिच्यानं उपाशीपोटी 140 येते." येऊ दे. सिटाग्लिप्टिन मुख्यतः साखर वाढते तेव्हाच जोर लावतं, म्हणून या जोडीनं साखर एकदम तळाला जायची भीती खूप कमी. तुमच्या वयाला एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) साडेसातच्या आसपास राहिलं तरी चालेल, असं डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले होते. तुम्हाला मात्र परीक्षेतल्यासारखे पैकीच्या पैकी हवे असतात! साखर उतरून, पडून हाड मोडण्यापेक्षा 140 केव्हाही बरे. आत्याचं काय झालं ते आपण पाहिलंय.

बाकी तुमचं काहीही बदललेलं नाही. सकाळचं फिरणं, पेपर, दुपारची झोप, सगळं तसंच. गोळी फक्त जेवणाबरोबर घ्यायची, म्हणजे मेटफॉर्मिननं पोट बिघडत नाही. एखादी राहिली तर राहिली, पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

आणि आई, गिळायला मोठी पडते म्हणून तू ती मोडून देतेस, ते आजपासून बंद. एसआर लिहिलेली गोळी पोटात हळूहळू सुटावी अशी बनवलेली असते, मोडली किंवा कुटली की सगळं औषध एकदम बाहेर येतं. मी लहान असताना बाबा दोन चमच्यांच्या मध्ये गोळी चुरायचे, त्यात साखर घालायचे आणि आधी स्वतः चाटून "अगं, गोड आहे" म्हणून दाखवायचे. तो चेहरा अजून आठवतो, कडू लागल्याचं लपत नव्हतं तुमच्याच्यानं. पण ही गोळी तशी चुरायची नाही. अगदीच गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा प्रकार मिळतो. (आणि बाबा, शौचात गोळीसारखं काही दिसलं म्हणून ती "लागू पडत नाही" असं नसतं. औषध आत उतरतं, रिकामं टरफल बाहेर येतं.)

आता थोडी दादागिरी करते, ऐकून घ्या.

उलट्या, जुलाब, सणसणून ताप, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही असं झालं तर डॉक्टरांना फोन करा आणि मेटफॉर्मिनची गोळी थांबवायची का ते लगेच विचारा. "रोजची गोळी चुकवायची नाही" हा नियम त्या दिवशी लागू नाही. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि मेटफॉर्मिन साचू लागतं. डाय टोचून सीटी स्कॅन करायचा असेल तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते, वेळच्या वेळी तपासायचं. दोन्ही औषधांचा डोस त्यावर ठरतो, आणि ईजीएफआर 30 च्या खाली गेलं तर मेटफॉर्मिन बंदच करावं लागतं. पायाला मुंग्या येतात त्याला वय म्हणून सोडून देऊ नका. इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेतल्यावर बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, यावेळी ते तपासून घ्या. पोटात जोरात दुखायला लागलं आणि थांबेना, तर घरगुती उपाय न करता दवाखान्यात.

साखर कमी होण्याची भीती कमी झाली असली तरी आई, 70 च्या खाली काहीही आलं की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, तरी कमी असेल तर पुन्हा द्यायचं. मग काहीतरी खायला द्यायचं. बाबांच्या मेटोप्रोलॉलमुळे (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्या पहाटे तू घामावरूनच ओळखलंस. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, थेट अँब्युलन्स.

आणि बाबा, कुणीही नवीन गोळी लिहून दिली, दातांच्या डॉक्टरांनी जरी, तरी घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मला पाठवायचा. तुम्हाला कळत नाही म्हणून नव्हे. माझ्या पहिल्या पगाराचा हिशेबसुद्धा तुम्ही दोनदा तपासला होता, तेव्हा मी काही म्हटलं नव्हतं.

तुमची,
छोटी

ता. क. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावत जा. दमट हवेनं त्या खराब होतात आणि आकडा खोटा येतो. डबीवरची तारीखही बघा, मी घाईत बघायची राहिले.