‘फाउंड’चा रकाना खरा भरू द्या

संपादक महोदय,

पीएच.डी.च्या प्रबंधांत आकडे ‘बसवले’ जातात, अशी तक्रार करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. तक्रार खोटी नाही. पण आकडे बसवायची पाळी का येते हेही कोणीतरी सांगावे, म्हणून लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात 31 वर्षे केमिस्ट्रीचा प्रयोगशाळा सहायक होतो. तपासणीला जाणारे नमुने बांधून पार्सल करणे माझ्याकडेच असे.

नवे संयुग तयार झाले की ते खरोखर तेच आहे आणि शुद्ध आहे, हे दाखवायला ‘सीएचएन’ करतात, म्हणजे त्यात कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन किती टक्के आहेत ते मोजतात. दोन-तीन मिलिग्रॅम पूड कथिलाच्या पातळ पत्र्याच्या इवल्याशा पुडीत बांधायची. ती 900 ते 1000 अंशांच्या भट्टीत ऑक्सिजनमध्ये पडली की कथिलही भडकून पेटते आणि पूड पूर्ण जळते. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी. नायट्रोजनची ऑक्साइड्स तापलेल्या तांब्यावरून जाताना पुन्हा नुसता नायट्रोजन होतात. हे वायू मोजून टक्केवारी निघते. प्रबंधात तिचे दोन रकाने असतात, ‘कॅल्क्युलेटेड’ म्हणजे सूत्रावरून काढलेली आणि ‘फाउंड’ म्हणजे यंत्रात प्रत्यक्ष आलेली. दोन्हींत 0.4 टक्क्यापेक्षा जास्त फरक नको, असा दंडक. सगळी भानगड या 0.4 ची आहे.

आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने पायराझोलिन नावाचे संयुग केले, ट्रायफिनाइलचे. ते काही नवे नव्हे. पुढची नवी संयुगे करण्याआधी हात बसावा म्हणून तिच्या मार्गदर्शक मॅडमनी दिलेले. जुलै महिना, झड लागलेली, लाइटचा पत्ता नाही. अल्कोहोलमधून क्रिस्टल पाडले, गाळले, वॉच ग्लासवर रात्रभर ठेवले. सकाळी तिने विचारले, “काका, वाळलं का हो?” मी स्पॅच्युलाने थोडे दाबून पाहिले. बारीक गोळे होते, पण बोटाला कोरडे लागले. वाळले म्हणालो आणि बाटलीत भरले. डेसिकेटरमधली, म्हणजे पूड कोरडी ठेवायच्या बंद भांड्यातली, ओल शोषणारी सिलिका कधीचीच ओली होऊन गुलाबी पडली होती, म्हणून त्यात ठेवायच्या भानगडीत पडलो नाही.

महिन्याने रिपोर्ट आला. कार्बन 84.53 हवा होता, आला 82.91. नायट्रोजन 9.39 च्या जागी 8.92. हायड्रोजन मात्र 6.08 चा 6.43 झालेला. कॉलेजातल्याच एका अनुभवी माणसाने तिला सांगितले, “84.41 लिहून टाक, कोण पाहते?” पोरगी रडकुंडीला आली. पुन्हा पाठवायचे तर पुन्हा फी आणि पुन्हा महिना.

मॅडमनी वहीवर हिशेब मांडला. शंभर भागांत पाच भाग अल्कोहोल अडकले आहे असे धरले, तर तिन्ही आकडे बरोबर जुळत होते. नुसते पाणी असते तर हायड्रोजन इतका वर गेला नसता. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर तपासणीतही अल्कोहोलच्या ओळखीच्या खुणा, ट्रिपलेट आणि क्वार्टेट, दिसल्या. म्हणजे यंत्र बरोबर होते. चूक माझ्या बोटांची होती.

मला शरम वाटली ती याची, की मी शेतकऱ्याचा पोरगा. कापूस हाताला कोरडा लागतो, पण खरेदी केंद्रावर मीटर खुपसला की ओलावा निघतो आणि 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात. लहानपणापासून हे पाहिलेला मी, पूड बोटाने तपासत होतो!

शिस्तीने काम करणाऱ्या लॅबमध्ये टक्केवारी आधीच ठाऊक असलेल्या पदार्थावर यंत्राचीही परीक्षा होते. अ‍ॅसिटॅनिलाइड जाळून कार्बन 71.09 येतो का ते पाहतात. तरीही फरक पडतोच. 2022 मध्ये तर संशोधकांनी पाच शुद्ध पदार्थ वेगवेगळ्या देशांतल्या व्यावसायिक लॅबना पाठवून पाहिले. शुद्ध असूनही काही आकडे 0.4 च्या बाहेर गेले. शिवाय सीएचएन आयसोमर, म्हणजे सूत्र तेच पण रचना वेगळी अशी संयुगे, ओळखत नाही; सूत्र एकच तर टक्केवारीही एकच. त्या एका रकान्यावर संयुगाचे सगळे भवितव्य टांगायचे आणि वर आकडा ‘आणा’ म्हणायचे, तर पोरे तो आणणारच, कुठून का होईना.

माझी विद्यापीठांना विनंती साधी आहे. प्रबंधाला यंत्राचा मूळ प्रिंटआउट जोडणे सक्तीचे करा, आणि आकडा बाहेर गेला तर कारण लिहायची मुभा द्या. ग्रामीण संशोधन केंद्राला मान्यता देताना तिथे हवा ओढून घेऊन पूड वाळवणारा व्हॅक्यूम ओव्हन चालू स्थितीत आहे का, तेही पाहा. आमच्याकडे तो नव्हता. मॅडमनी दुसऱ्या कॉलेजातून पंप मागून आणला, त्याने तीन दिवस हवा ओढून पूड वाळवली, तेव्हा कार्बन 84.39 आला.

त्या मुलीने दोन्ही प्रिंटआउट प्रबंधाला जोडले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पहिला कशाला जोडला म्हणून विचारले. तिने पाच टक्क्यांचा हिशेब फळ्यावर करून दाखवला. मी मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभा होतो.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, जि. यवतमाळ