मागची भिंत, वेडेलियाची छाटणी आणि पलीकडचं जंगल

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, बोरिवली (पूर्व), मुंबई

विषय : बागेची छाटणी मागच्या भिंतीपलीकडे टाकणे थांबवण्याबाबत व नव्या लागवडीच्या कोटेशनबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पाऊस उघडल्यावर मी गच्चीवर गेले होते. मागच्या भिंतीपलीकडे, जिथून राष्ट्रीय उद्यानाची झाडी सुरू होते, त्या उतारावर पिवळी फुलं पसरलेली दिसली. वरून फार छान दिसतात. पण ती आपल्या बागेतून गेलेली आहेत. तीन वर्षांपूर्वी आपण कारंज्याभोवती वेडेलिया लावली. दर महिन्याला तिची छाटणी होते आणि छाटलेलं सगळं टोपल्या भरभरून भिंतीवरून पलीकडे जातं. माळीकाकांना मी दोष देत नाही. हा पाला कुठे टाकायचा, ते आपण त्यांना कधी सांगितलंच नाही.

वेडेलियाला पसरायला बी लागत नाही. तिच्या वेलाच्या पेरापेरातून मुळं फुटतात. बोटभर तुकडा ओल्या मातीवर पडला की रुजतो. पावसाळ्यात पलीकडे टाकलेली एक टोपली म्हणजे शेकडो रोपांची लागवड. त्यात आपल्या मागचा नाला पुढे दहिसर नदीला मिळतो, तेव्हा पाण्याबरोबर तुकडे किती लांब जात असतील याचा विचार करा. ही वनस्पती मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं या भागातली. आययूसीएन या जागतिक संस्थेशी जोडलेल्या तज्ज्ञांनी 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींची यादी केली, त्यात वेडेलिया आहे. तिची चटई इतकी दाट होते की खालच्या मातीला ऊन मिळत नाही आणि इतर झाडांची रोपं उगवून वर येऊच शकत नाहीत.

सभेत एका सभासदांनी विचारलं होतं की तिच्या फुलांवर मधमाश्या, फुलपाखरं येतात, मग वाईट काय? येतात, हे खरं आहे. पण मध पिऊन फुलपाखराचं भागलं तरी त्याच्या अळीला ठरावीक झाडाचंच पान लागतं. हळदीकुंकू हे फुलपाखरू बांडगुळावर अंडी घालतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या कुळातली झाडं शोधतं. अळ्या नसल्या की शिंपी, दयाळ यांनी पिल्लांना काय भरवायचं? उतारावर कारवी आहे. ती 8 वर्षांतून एकदा फुलते. बी पडल्यावर जुनी झाडं मरतात आणि पुढची सगळी पिढी त्या बियांतून उभी राहते. ते बी वेडेलियाच्या चटईवर पडलं तर रुजणार कुठे? मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

परदेशी झाडांवर माझा राग नाही. मिरची, बटाटा, पपई सगळं बाहेरूनच आलं आणि आपलं झालं. गुलमोहर मादागास्करचा, पण तो जंगलात शिरून इतरांची जागा बळकावताना मी पाहिलेला नाही. घाणेरीचं मात्र उदाहरण डोळ्यांसमोर आहे. इंग्रजांच्या काळात ती बागेतलं शोभेचं झुडूप म्हणूनच आली. बुलबुलांनी तिची फळं खाल्ली, बिया रानोरान नेल्या, आणि आज ती काढता काढता वनखात्याच्या नाकी नऊ येतात.

म्हणून नव्या कोटेशनबद्दल. त्यात कंपाउंडलगत कोनोकार्पसची रांग सुचवली आहे. गुजरात सरकारने 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे होणारी ॲलर्जी आणि पाइप, गटारं, केबल यांत घुसणारी मुळं ही कारणं दिली होती. आपली भूमिगत टाकी त्याच भिंतीपासून जेमतेम दहा फुटांवर आहे. तिथे अडुळसा आणि निर्गुडीचं कुंपण घालू. दोन्ही स्वस्त, दोन्ही छाटणी सोसतात. उन्हातल्या वाफ्यात दूर्वा लावू आणि गेटजवळ एक ताम्हण, आपलं राज्यफूल.

नर्सरीतून येणाऱ्या कुंड्यांची मातीही तपासून घ्यायला हवी. पावसाळ्यात बागेत दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी अशाच मातीतून, अंड्यांच्या रूपात येतात. भारतात ही गोगलगाय 1847 मध्ये कलकत्त्याला आणली गेली, तिथून ती देशभर पसरली. उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी तिच्या अंगात असू शकतो आणि तो माणसाला बाधतो, म्हणून मुलांनी ती हातात धरू नये. वॉचमनदादा बागेत मीठ टाकतात, त्याने माती खराब होते. हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

आणखी एक विनंती तातडीची आहे. ए विंगमधल्या मुलांची कासवं टाकीत मावेनाशी झाली म्हणून ती पवई तलावात सोडायचं ठरतंय, असं कळलं. कृपया थांबवा. ती लाल कानपट्टीची अमेरिकन कासवं आहेत. लहानपणी रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी दिसतात, पुढे ताटाएवढी होतात आणि तीस-तीस वर्षं जगतात. तलावातल्या आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ती घेतात. मुलांना वाटतंय की आपण त्यांना मोकळं करतोय, त्यांची माया मला समजते. मी स्वतः मुलांशी बोलेन. मोठी टाकी घ्यायची झाली तर पहिले 2,000 रुपये माझे.

पुढच्या मासिक सभेपर्यंत कोटेशन मंजूर करू नये आणि छाटणी आजपासून आतच, डी विंगमागच्या मोकळ्या जागेत ठेवावी. वेडेलिया ओल्या खतखड्ड्यातही रुजते, म्हणून आधी ताडपत्रीवर पूर्ण वाळवावी लागेल. उतारावर पसरलेली मुळासकट उपटायला वनखात्याची परवानगी लागेल. त्यासाठीच्या अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे, त्यावर आपली सही आणि संस्थेचा शिक्का हवा. परवानगी आली की दर रविवारी सकाळी 7 ते 9 मी स्वतः येईन. बी विंगमधले सहा जण तयार आहेत. मागच्या छोट्या गेटची किल्ली तेवढी वॉचमनदादांकडे ठेवावी.

आपली,
बी विंगमधील एक सभासद