वाघाला कुठवर पोहोचता येते, ते आधी पाहावे

महोदय,

व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा मुलांचे व्यसन, डोळ्यांवरचा ताण आणि वाया जाणारा वेळ यांच्या संदर्भात. ही काळजी रास्त आहे. तथापि प्राणिसंग्रहालय उभारून चालवण्याच्या ‘प्लॅनेट झू’ या गेममध्ये प्राण्यांसाठी स्वतःच्या कल्पनेने आवारे बांधताना मुलांना जे शिकायला मिळते, तेही पालकांपर्यंत पोहोचावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्स या कंपनीने नोव्हेंबर 2019 मध्ये हा गेम आणला. बंगालचा वाघ, भारतीय हत्ती, एकशिंगी गेंडा आणि घडियाल हे आपल्या ओळखीचे प्राणी त्यात आहेत.

या गेममध्ये प्रत्येक प्राण्याला किती उंच आणि किती मजबूत कुंपण लागते, त्यावर चढता न येण्याची सोय हवी की नको, हे आधीच सांगितलेले असते. तयार कुंपण वापरणाऱ्याला तेवढे पुरते. कुंपण झिजते, त्याची डागडुजी करायला वेळेवर मेकॅनिक पाठवावा लागतो, एवढेच पथ्य. खरी परीक्षा सुरू होते ती स्वतःचे आवार घडवताना. तेव्हा ‘नल बॅरिअर’ नावाची सीमारेषा जमिनीवर आखायची असते. आवार कुठे संपते हे ती गेमला सांगते, पण प्राण्याला मुळीच अडवत नाही. अडवण्याचे काम आपण रचलेल्या खडकांनी, भिंतींनी, काचांनी किंवा जमीन खोदून केलेल्या उतारांनी करायचे. दोन खडकांमध्ये राहिलेली फट माणसाच्या नजरेला दिसत नाही, लहान प्राण्याला मात्र ती बरोबर सापडते. भिंत पुरेशी उंच असूनही शोभेसाठी तिच्याजवळ ठेवलेल्या दगडावरून वाघ सहज बाहेर उडी घेतो.

यासाठी गेममध्ये एक नकाशा दिलेला आहे. त्या प्राण्याला आवारातील कोणकोणत्या जागी पोहोचता येते, ते तो रंगाने दाखवतो, आणि रंग सीमेपलीकडे ओघळलेला दिसला की तिथे वाट मोकळी आहे असे समजायचे. माझ्या मते संपूर्ण गेममधील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण प्रेक्षकाला आवार कसे दिसेल हा विचार बाजूला ठेवून प्राण्याच्या पायांनी, पंजांनी आणि झेपेने ते आवार मोजण्याची सवय ती लावते. प्रत्येक नवा दगड, ओंडका किंवा चढण्याची चौकट ठेवल्यावर हा नकाशा पुन्हा पाहावा लागतो, आणि आवार बांधून ‘पूर्ण’ झाले असे कधी म्हणता येत नाही, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

खऱ्या प्राणिसंग्रहालयांचा अनुभव याहून वेगळा नाही. गजांऐवजी नजरेआड राहणारे खंदक वापरण्याची पद्धत प्राण्यांचे जर्मन व्यापारी कार्ल हागेनबेक यांनी हॅम्बुर्गजवळ 1907 मध्ये उघडलेल्या प्राणिसंग्रहालयामुळे जगभर रुजली. आणि कोणता प्राणी किती लांब व किती उंच उडी घेतो, हे आधी पडताळून मगच त्यांनी ते खंदक आखले होते. हा हिशेब चुकला तर काय होते, ते 25 डिसेंबर 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात दिसले. तेथील वाघांच्या खंदकाची भिंत सुमारे 3.8 मीटर उंच होती, तर अमेरिकी प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस सुमारे 5 मीटरची होती. तातियाना नावाची वाघीण बाहेर आली आणि एका तरुणाचा जीव गेला. 1985 मध्ये सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात केन ॲलन हा ओरांगउटान त्याच्या आवारातून वारंवार बाहेर पडू लागला, तेव्हा भिंतीवर बोटे रोवण्याजोग्या जागा शोधण्यासाठी गिर्यारोहकांना बोलवावे लागले. बेलफास्टच्या प्राणिसंग्रहालयात 2019 च्या फेब्रुवारीत चिंपांझींनी मोडलेली फांदी भिंतीला टेकवून तिची शिडी केली. भिंत तीच होती, आवारातल्या एका झाडाची स्थिती तेवढी बदलली होती.

पाण्याचा खंदकही सर्वांना सारखा लागू पडत नाही. चिंपांझी, ओरांगउटान यांना पोहता येत नसल्याने तो त्यांना अडवतो, पण त्यात ते बुडूही शकतात. वाघाला मात्र पाण्यात उतरायला आवडते. खणणाऱ्या प्राण्यासाठी कुंपण जमिनीखाली किती खोल गेले आहे हे महत्त्वाचे, तर बिबट्यासाठी डोक्यावरची जाळी.

गेमच्या मर्यादाही पालकांनी मुलांना सांगितल्या पाहिजेत. त्यात रखवालदार वाघाच्या आवारात सरळ चालत जातो आणि त्याला काही होत नाही. निसटलेला प्राणी पाहून प्रेक्षक घाबरून पळतात, पण कोणी दगावत नाही. प्रत्यक्षात एकामागे एक अशी दोन दारे असतात, एक बंद झाल्याखेरीज दुसरे उघडायचे नसते आणि रखवालदार आत जाण्यापूर्वी प्राण्याला मागच्या खोलीत कोंडलेले असते. कुंपण शाबूत आणि दार उघडे, अशाही घटना घडतात, म्हणून ही शिस्त भिंतीइतकीच महत्त्वाची आहे. गेममध्ये तिला जागा मिळायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

मार्च 2024 मध्ये पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातील बिबट्या पिंजऱ्यातून निसटला होता, ते वाचकांना आठवत असेल. तो प्राणिसंग्रहालयाच्या हद्दीतच सापडला आणि पुढील अनर्थ टळला. अशा वेळी आपल्याकडे चर्चा होते ती बेपर्वाईची. पिंजऱ्याची रचना, गजांमधील अंतर, दारांची व्यवस्था यांविषयी सामान्य माणसाला काही विचारता येत नाही, कारण त्याला ते कधी कुणी समजावलेलेच नसते. कात्रजला किंवा राणीच्या बागेत प्राण्याचे नाव, आहार आणि अधिवास सांगणारे फलक असतात. त्यांच्या शेजारी याच प्राण्यासाठी हे आवार असे का बांधले आहे, खंदक एवढाच रुंद का, झाडे भिंतीपासून इतकी दूर का, हे सांगणारा एकेक फलक लावावा, अशी माझी संबंधित महापालिकांना विनंती आहे. आपल्या दैनिकानेही मुलांच्या पुरवणीत एखाद्या प्राणिसंग्रहालयाच्या अभियंत्याची व रखवालदाराची मुलाखत छापावी, आणि शक्य झाल्यास हा गेम खेळणाऱ्या मुलांनाच त्यांना प्रश्न विचारू द्यावेत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे